कुशीवर

नगरपालिकेला उभा माणूस हवा होता.
छाती पुढे, खांद्यावर कुदळ, नजर डोंगरापार.
तसा ठरावच होता, शिक्क्यासह.
नोलोने तो पत्र्याच्या डब्याला चिकटवला
आणि डब्यात वेल्डिंगच्या कांड्या ठेवल्या.

नोलो माझा धाकटा भाऊ.
सान तिर्सोची खाण बंद पडली
तेव्हा त्याची आत चौदा वर्षं झाली होती.
मी शाळेत चित्रकला शिकवते :
सफरचंद, सुरई, खुर्चीवरचं फडकं.
दोघांनी मिळून आजवर घडवलं होतं
चर्चच्या कळसावरचा एक कोंबडा
आणि सायडरच्या दुकानाची पाटी.
माद्रिदचा शिल्पकार परवडेना,
म्हणून आम्ही कागदोपत्री 'स्थानिक कलावंत'.

तीन महिने लागले.
खाणीच्या तोंडावरचा मनोरा भंगारात निघालेला,
त्याचंच लोखंड. हनुवटी मी केली, वर उचललेली.
बरी जमली होती, खोटं कशाला बोलू.

मग ओल्विदो आली, चौऱ्याऐंशी वर्षांची,
मिटलेली छत्री काठीसारखी टेकत.
बाजारात गाय बघावी तशी
पुतळ्याभोवती एक फेरी घातली.
"हा कोण? आमच्यातला नव्हे.
आमच्यात मान वर केली की डोकं फुटायचं.
तिसऱ्या थरात कोळसा होता एवढा"
आणि तिने हात गुडघ्यापर्यंत आणला,
थांबली,
अजून थोडा खाली घेतला.
"माझा एवारिस्तो बावीस वर्षं कुशीवर जगला.
डाव्या. घरी पलंगावरही तीच कूस.
मला बावीस वर्षं त्याची पाठच दिसली."

नोलो काही बोलला नाही.
त्या रात्री शेडमध्ये निळी ज्योत खोकत राहिली,
की नोलो, ते मला अंथरुणातून कळेना.
सकाळी माणूस आडवा होता,
कमरेत कापलेला, खांद्यात वळवलेला.
त्याच्या डोळ्यांतला डोंगर मी कानशीने घासून काढला
आणि तिथे वीतभर अंतर ठेवलं.

"आणि आम्ही?" ओल्विदोने विचारलं.
ती पट्ट्यावर कोळशातले दगड निवडायची.
मसुरीतले खडे निवडावेत तसं,
फक्त मसूर धावत असायची.
मी तिचे हात प्लास्टरमध्ये घ्यायचं ठरवलं.
"तासाचे किती?" ती म्हणाली. आधी पैसे मोजून घेतले.
डाव्या हाताचं मधलं बोट एका पेराने कमी.
पूर्ण करू का, असं मी विचारून बसले.
"पेर पट्ट्याने नेलंय," ती म्हणाली,
"त्याच्याकडे माग."

नगरपालिकेत आरडाओरडा झाला.
आडवा कामगार! लोक म्हणतील झोपलाय.
एकजण म्हणाला, संपावर आहे म्हणतील,
त्यावर मागच्या रांगेतले म्हातारे टेबलं बडवून हसले.
शेवटी पैसे संपलेले, म्हणून मंजूर.

अनावरणाच्या दिवशी पडदा फारच मोठा निघाला,
उभ्या माणसाच्या मापाचा.
महापौरांना हार कुठे ठेवावा कळेना.
ठेवला पायाशी,
नंतर कुणीतरी सांगितलं, पाय तिकडे आहेत.

बघायचं तर आता उकिडवं बसावं लागतं.
पर्यटक वरूनच फोटो काढतात, त्यात नुसतं लोखंड येतं.
शाळेची पोरं सरळ शेजारी आडवी होतात,
गणवेश मळतात, आया मला शिव्या घालतात.
पोरांनीच शोधून काढलं
बरगड्यांखाली जोडलेलं पितळी बिल्ल्याचं वाटोळं : ३१८.
नोलोचा नंबर.
शेवटच्या पाळीनंतर तो फळ्यावर परत टांगायचा असतो,
माणूस वर आला हे कळावं म्हणून.
त्याने टांगला नव्हता.
आमची सही तेवढीच, दोघांची मिळून.

समोरच्या बाजूला नगरपालिकेने बाक टाकलाय.
गुरुवारी बाजार आटोपून ओल्विदो येते,
बाकाकडे बघत नाही,
मागच्या कठड्यावर बसते,
पाठीकडे तोंड करून.
इथला तो बारीक, दिसेल न दिसेलसा पाऊस
लोखंडावर घामासारखा उभा राहतो.
छत्री ती स्वतःवरच धरते.